नुकताच बघितलेला मारधाडीचा किंवा सायफाय सिनेमा: या, लिहा

पायरीवरचा_प्रेक्षक

परवा रात्री लेकीबरोबर 'टर्मिनेटर २' बघितला. ती अकरावीत आहे. १९९१चा सिनेमा म्हटल्यावर तोंड वाकडं करून बसली होती. मग तो इस्पितळातला प्रसंग आला. रखवालदार मशिनमधून कॉफी घेतोय, मागे काळ्यापांढऱ्या फरशीतून तो पाऱ्यासारखा पोलीस वर येतो आणि रखवालदाराचंच रूप घेऊन त्याच्यासमोर उभा राहतो. पोरीने मोबाईल खाली ठेवला. "हे तेव्हा कसं केलं?" म्हटलं, फरशीतून उगवणं कॉम्प्युटरचं, पण समोरासमोर उभे आहेत ते चक्क जुळे भाऊ. शेवटाकडे नायिका सारा कॉनर एकदम दोन दिसतात तिथेही लिंडा हॅमिल्टनची जुळी बहीण उभी केली आहे. "म्हणजे जुगाड!" हो बाई, जुगाड.

त्यावरून आठवलं. हा सिनेमा मी पहिल्यांदा बघितला तो कराडला, गणपतीत. मंडळाने रस्त्यात पडदा बांधला होता. पुढची जागा संध्याकाळीच पोती-चटया टाकून धरलेली, आणि आमचं घर नेमकं पडद्याच्या मागे. त्यामुळे आम्ही सगळे पायरीवर बसून सिनेमा उलटा बघायचो. पाट्या उलट्या, नंबरप्लेटी उलट्या. इंग्रजी तर पुढे बसलेल्यांनाही कळत नव्हतं, ते जाऊ दे. पण मागून बघितल्यामुळे अमेरिकेतल्या गाड्या आपल्यासारख्या डावीकडून धावायच्या! ऐन पाठलागात अध्यक्षांनी आवाज बंद करून माईकवर "एकावन्न रुपये देणगी, मंडळ आभारी आहे" सुरू केलं, तेव्हा पब्लिकने जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

तुम्ही अलीकडे काय बघितलंत? मारधाड, यंत्रमानव, अंतराळ, काहीही चालेल. आवडलं, डोकं उठलं, झोप लागली, सगळं लिहा. त्यावरून काही जुनं आठवलं तर तेही. परीक्षण नको, गप्पा हव्यात.

आजरा_घनसाळ

एकावन्न रुपये 😂 चहा सांडला राव. आमच्यात पडदा म्हणजे दोन धोतरं शिवून एक. मधली शिवण बरोबर हिरोच्या नाकावरनं जायची. आत्ता रोपलावण चाललीय, रात्री लिहितो.

पमाकाकू

मी ड्यूनचा दुसरा भाग बघितला, मुलगा आग्रहाने घेऊन गेला होता. पहिला भाग घरी टीव्हीवर बघितला होता, त्यातली वाळू सोडून काही लक्षात नाही. हा मात्र मोठ्या पडद्यावर बघितला ते बरं झालं. तो मुलगा वाळूतल्या अजगरावर उभा राहतो तेव्हा खुर्चीसकट हादरायला होतं, मी शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला. त्या टकल्या पुतण्याची आखाड्यातली मारामारी काळीपांढरी आहे, ती इन्फ्रारेड कॅमेऱ्याने काढली म्हणे. माणसांची कातडी मेणासारखी दिसते, बघवत नाही आणि नजरही हलत नाही.

अजगरावर उभा राहतो त्या मुलाची आई नाही आवडली. पोटातल्या बाळाशी राजकारण बोलते. आम्ही डोहाळजेवणात गाणी म्हणायचो.

पॉपकॉर्नची किंमत बघून मी पर्समधले शेंगदाणे काढले. मुलगा दोन खुर्च्या सोडून बसला.

खिडकीतली_सीट

काकू शेंगदाणे आत कसे नेले? आमच्याकडे दारात पर्स उघडून बघतात, लेकीच्या औषधाच्या बाटलीचा वास घेतला त्या माणसाने

पमाकाकू

स्वेटर विणायच्या पिशवीत, लोकरीच्या खाली. 🙂

८.१२ची_लोकल

पॉपकॉर्न म्हणजे व्हीटीचं स्टर्लिंग. विषय संपला.

सिनेमा: ख्रिस्तोफर नोलनचा टेनेट, परत एकदा. २०१९च्या सप्टेंबरात त्याचं शूटिंग मुंबईत होतं, गेटवे-कुलाब्याच्या भागात. आमचं ऑफिस तेव्हा तिकडेच. एक दिवस जेवायला बाहेर पडलो तर नेहमीची गल्ली बंद, काळे टीशर्टवाले वॉकीटॉकी घेऊन उभे. आमचा सँडविचवाला मात्र आत. त्याला विचारलं काय चाललंय, तर म्हणे "कोई नोलन साब है, टोमॅटो नहीं खाता उसका आदमी." एवढी एकच आतली बातमी आमच्याकडे.

सिनेमा तेव्हाही कळला नव्हता, आताही नाही. गोळी बंदुकीत परत जाते इथवर मी त्यांच्याबरोबर असतो. पुढे एकाच मारामारीत एक माणूस पुढे चाललाय आणि दुसरा मागे, तिथे हात टेकले. पण डिंपल कपाडिया काय दिसते! सगळ्यांत शहाणी तीच वाटते. आणि ते विमान इमारतीत घुसवलं ते खरं विमान आहे. जुनं ७४७ विकत घेऊन धडकवलं, कारण हिशेब केला तर तेच स्वस्त पडत होतं. आमच्या अकाउंट्सच्या साहेबांना हे सांगितलं, ते दोन मिनिटं गप्प होते.

वऱ्हाडी_ठेचा

जॉन विक चौथा पाहिला. बायको पहिल्या भागापासून सोबत आहे. पहिल्या भागात कुत्र्याचं पिल्लू मारलं तेव्हा रडून रडून नाक लाल. त्याच्यानंतर चार सिनेमात त्या भाऊने शेकड्यानं माणसं पाडली, तिला काही फरक नाही. मी म्हटलं, "अवं, त्या माणसाईलेबी घरदार असंन." तर म्हणे, "मंग कुत्र्याले कायले मारलं?"

बोलणंच खुंटलं बे.

चौथ्यात पॅरिसच्या त्या पायऱ्यावरून तो वरून खालपर्यंत गडगडते तो सीन पाहून थिएटर हसून हसून पडलं होतं. दिग्दर्शक स्टाहेल्स्की म्हणजे मॅट्रिक्समध्ये ह्याच हिरोचा, कियानूचा डबल होता, त्याच्याऐवजी मार खायचा. आता ह्यालेच पायऱ्यावरून गडगडवून राहिला. हिशेब चुकता.

शेवगाठी

@वऱ्हाडी_ठेचा वहिनींना साष्टांग नमस्कार 🙏 आमच्याकडे पण श्वान आहे, टीव्हीवर भुंकण्याचा आवाज आला की सोफ्याखाली. घराची राखण आम्हीच करतो

नाकासमोर_चालणारा

मिशन इम्पॉसिबल, शेवटचा म्हणतात तो, द फायनल रेकनिंग. पहिला तासभर नुसतं बोलतात. सगळे अंधाऱ्या खोलीत उभे राहून एकाच वाक्याचे तुकडे वाटून घेतात. जुन्या भागांची दृश्यं पुन्हापुन्हा, लग्नाच्या व्हिडिओसारखी. अर्धा तास कापला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

पण टॉम क्रूझ बुडालेल्या पाणबुडीत शिरतो तिथून पुढे मी हललो नाही. पाणबुडी कलंडत राहते, टॉर्पेडो अंगावर घरंगळत येतात, आणि कितीतरी वेळ संवाद नाही, फक्त पाणी आणि लोखंड. नंतरचा तो विमानाच्या पंखाला लोंबकळण्याचा प्रकार. वाऱ्याने गाल फाटायला आलेत. साठी उलटलेला माणूस आहे हो. आमच्या सोसायटीत साठी उलटलेले वॉचमनने खुर्ची दिली नाही म्हणून तक्रार करतात.

ह्याच मालिकेतल्या आधीच्या फॉलआउटच्या वेळी लंडनमध्ये एका छपरावरून दुसऱ्यावर उडी मारताना त्याचा घोटा मोडला होता. शूटिंग काही आठवडे बंद. पण मोडल्यावरही उठून लंगडत फ्रेमबाहेर गेला आणि तोच शॉट सिनेमात आहे. मला ते बघवत नाही, पाय शिवशिवतो.

मिरज_जंक्शन

घोट्याचं नाव काढू नका. अंगणातल्या शेवाळावरून घसरले, प्लास्टर आहे. म्हणून तर इथे दिवसभर वाचत बसलेय. मॅड मॅक्स मालिकेतला फ्युरिओसा बघितला, मग त्यातलाच जुना फ्युरी रोड परत लावला. फ्युरी रोड म्हणजे जायचं आणि परत यायचं, एवढीच गोष्ट. पण एवढी गडबड असून कोण कुठे आहे ते कधी हरवत नाही. त्याचं एडिटिंग मार्गारेट सिक्सेलचं, दिग्दर्शक जॉर्ज मिलरची बायको. त्याआधी तिने मारधाडीचा सिनेमा केला नव्हता, आणि ऑस्कर घेऊन गेली. नवरा वाळवंटातून पसारा घेऊन आला, बायकोने आवरला. घरोघरी तेच.

फ्युरिओसात मन कमी रमलं. लांबलाय.

नाकासमोर_चालणारा

अरे बापरे ताई. काळजी घ्या. प्लास्टरमध्ये विणायची सुई घालून खाजवू नका, माझ्या मेव्हण्याने केलं होतं.

मिरज_जंक्शन

उशीर झाला सांगायला. 😐

नर्मदेकाठी

'कल्की २८९८ एडी' कुणी बघितला नाही का? आम्ही शहाद्याला सहकुटुंब बघितला. पहिला अर्धा भाग प्रभासचे विनोद, त्यातला एकही आम्हाला लागला नाही. गाड्यांचा तो पाठलाग बघून मुलं म्हणाली गेम चांगला आहे.

पण अमिताभ! अश्वत्थामा. तेव्हा ८१ वर्षांचा माणूस, आणि पडद्यावर आला की बाकी सगळे बुटके दिसतात. गुहेत ती छोटी मुलगी त्याच्यासमोर उभी आहे आणि तो अंगावरच्या चिंध्या सावरत उठतच राहतो, उठतच राहतो...

आमच्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांच्यासाठी अश्वत्थामा म्हणजे सिनेमातलं पात्र नाही. सातपुड्यात फिरतो, कपाळावरची जखम भळभळते, दारात येऊन तेल मागतो, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. परिक्रमेला जाऊन आलेलं कुणीही भेटलं की पहिला प्रश्न, "दिसला का?" शूलपाणीच्या झाडीत भेटल्याचं सांगणारे गावात दोघंतिघं आहेत, आणि प्रत्येकाची उंची वेगळी. सिनेमा संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "जखम बरोबर दाखवली, पण तेल कुठंय?" दिग्दर्शकाने महाभारतानंतर सहा हजार वर्षांनी असेल ते अख्खं शहर उभारलं, आणि आमच्या म्हातारीला एक वाटी तेल कमी पडलं.

आजरा_घनसाळ

आमच्या आजीनं पण अश्वत्थाम्याचं सांगितलेलं. संध्याकाळी दारात कुणी तेल मागाय आलं तर नाही म्हणू नको म्हणायची. एकदा खरंच एक बाबा आला, आम्ही पोरं माळ्यावर. तो रॉकेल मागत होता, कंदिलासाठी.

रिकामटेकडा_मास्तर

इंटरस्टेलर फेब्रुवारी २०२५मध्ये आपल्याकडे पुन्हा लागला तेव्हा गर्दी बघून थक्क झालो. प्रदर्शित झाला २०१४ला, आणि आले होते कोण, तर तेव्हा तिसरी-चौथीत असलेली मुलं.

मी फिजिक्स शिकवायचो. वर्गात काळ मंदावतो हे फळ्यावर लिहिलं की पोरं खिडकीबाहेर बघतात. इथे घोट्याएवढ्या पाण्याचा ग्रह, तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, आणि खाली जाऊन आलेली मंडळी परततात तर यानात थांबलेला सहकारी तेवीस वर्षांनी म्हातारा झालेला. दाढीत पांढरे केस, आणि माणसांशी बोलायची सवय मोडलेली. त्याला नंतर फारशी गोष्टच दिलेली नाही, मला तर अख्खा सिनेमा त्याच्यावर हवा होता.

त्यातलं कृष्णविवर भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून काढलेलं. त्यांना २०१७ला नोबेल मिळालं, सिनेमासाठी नव्हे, गुरुत्वीय लहरींसाठी. आणि २०१९मध्ये एम८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं खरं चित्र आलं, तेव्हा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे मेसेज, "सर, सिनेमातल्यासारखंच आहे, फक्त धुरकट." शेवटचा पुस्तकांच्या कपाटामागचा भाग मात्र मी विज्ञान म्हणून घेत नाही, कीर्तन म्हणून घेतो. चांगलं कीर्तन आहे.

नारळीकर सर २०२५च्या मे महिन्यात गेले. आपल्याकडे कृष्णविवर हा शब्द घराघरात गेला तो त्यांच्या लेखांतून आणि कथांतून. त्यांच्या एखाद्या कथेवर असा खर्च कुणी करेल का?

खिडकीतली_सीट

मास्तर मराठीत कोण करणार सायफाय, बजेट कुठून आणणार. फुंतरू आला होता ना २०१६ला, सुजय डहाकेचा, कॉलेजमधला होलोग्राम. मी बघितला होता, थिएटरात मी, नवरा आणि एसी

साकुरा_सदाशिवपेठ

बजेटवरून मी जरा भांडणार आहे.

'गॉडझिला मायनस वन' बघा. मी पुण्यात जपानी शिकले, त्यामुळे आवाज मूळचाच ठेवते. पहिला गॉडझिला ३ नोव्हेंबर १९५४ला आला, हा ३ नोव्हेंबर २०२३ला. खर्च दीड कोटी डॉलरच्या आतला, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चहापाणी. दिग्दर्शक यामाझाकी यांनीच व्हिज्युअल इफेक्ट्स सांभाळले, ३५ जणांच्या टीमने ६१० शॉट्स केले, आणि इफेक्ट्सचं ऑस्कर त्यांनाच.

पण मला तो राक्षस जेवढा आठवतो तेवढीच ती पडकी वस्ती. युद्ध संपलंय, टोकियो जळून गेलंय, पत्र्याच्या खोपटात एक माणूस, एक बाई आणि दोघांपैकी कुणाचंच नसलेलं मूल. तो आत्मघातकी विमानचालक होता आणि मरायला गेला नाही. शेजारीण पहिल्याच भेटीत त्याला सुनावते, तुमच्यासारख्यांनी कामं केली असती तर माझी मुलं जगली असती. तीच बाई नंतर त्या बाळासाठी स्वतःचा साठवलेला तांदूळ आणून देते, चेहऱ्यावरचा राग तसाच ठेवून. तो तांदूळ देतानाचा हात. असं लिहायला किती डॉलर लागतात?

समुद्रातला पाठलाग तर लाकडी होडीतून आहे. मागून गॉडझिलाचं डोकं पाणी कापत येतंय आणि होडीत एक जुनी बंदूक.

पायरीवरचा_प्रेक्षक

साकुराताई, आज रात्री हाच. लेकीला जुळे भाऊ दाखवले, आता ३५ माणसं दाखवतो. 'हिंसा कितपत आहे' असं आमच्या मंडळींनी विचारलंय.

साकुरा_सदाशिवपेठ

सुरुवातीला बेटावर माणसं चावून फेकतो. गिळत नाही. एवढं चालत असेल तर बिनधास्त.

वऱ्हाडी_ठेचा

कुत्रं आहे का त्याच्यात? घरून विचारून राहिले.

साकुरा_सदाशिवपेठ

मला तरी कुठे दिसलं नाही. 😄

८.१२ची_लोकल

मिरजच्या ताई, प्लास्टर कधी निघतंय? तोवर टेनेट बघा, वेळ कसा जातो कळत नाही. पुढे जातोय की मागे तेही कळत नाही.

मिरज_जंक्शन

पुढच्या आठवड्यात. काल लावला होता टेनेट. अर्ध्यात लाइट गेली, आल्यावर कुठून लावायचा तेच समजेना, म्हणून सुरुवातीपासून लावला. तरी फरक पडला नाही.