बॅच बदलली, मैत्रीण बोलायची थांबली. आता काय करू?

शेंगाचटणी_०८:
बारावी सायन्स, पीसीएम. कॉलेजचं नाव नाही सांगत, सोलापुरातलंच आहे, इंटिग्रेटेड, म्हणजे ॲडमिशन ज्युनियर कॉलेजला आणि सकाळी सात ते संध्याकाळी सहा बसायचं क्लासमध्ये. मी आणि माझी मैत्रीण (घरी तिला सगळे अक्का म्हणतात, मी पण तेच म्हणते) अकरावीपासून एका बेंचवर. ती पूर्व भागातली, घरी तेलुगू, वडील टॉवेलच्या कारखान्यात, आई विड्या वळते. मी जुळे सोलापूरची. तिच्या घरी गेलं की अम्मा 'तिन्नावा?' म्हणून विचारणार आणि मी जेवले की नाही ते सांगायच्या आत ताट समोर.

आमच्याकडे दर रविवारी टेस्ट, जेईई पॅटर्न, बरोबरला ४ आणि चुकलं की उणे १. सोमवारी सकाळी लिस्ट पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्या लिस्टवरून मधून मधून बॅच बदलतात. दिवाळीनंतर मी ए वनमध्ये गेले आणि ती बी टूमध्ये, मजला वेगळा, सुट्टीची वेळ पण वेगळी. आईचं लगेच सुरू, आता वरच्या मुलींबरोबर बस म्हणून. मी पण डबा तिकडेच खायला लागले, खोटं कशाला बोलू. मागच्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेला आम्ही दोघी गेलो होतो, यावेळी मी ए वनच्या मुलींबरोबर गेले. ती होम मैदानावर भावाबरोबर दिसली, मी हात केला, तिने बघितलं आणि सरळ पाळण्याच्या लाइनीकडे वळली.

भांडण असं काहीच झालेलं नाही. हां, आमची दोघींची एक चुकांची वही होती, टेस्टमध्ये जे चुकलं ते आणि का चुकलं ते लिहायचं, ती माझ्याकडे राहिली होती आणि ए वनमधल्या मुलींनी मागितली म्हणून मी झेरॉक्सला दिली. बाकी काही नाही. प्रॅक्टिकल तोंडावर आलंय, आत्ता बोलू की सीईटी होईपर्यंत राहू देऊ?

रिपीटर_पण_सुखी:
राहू दे बे. आमच्या बॅचला चाळीस जण होते, आता बोलणारे दोन, त्यातल्या एकाकडे माझे पैसे आहेत म्हणून मीच फोन करतो. बारावीत मैत्री नसते, शेअर रिक्षा असते, सात रस्ता आला की ज्याचं त्याने उतरायचं. अभ्यास कर.

खडू_डस्टर:
रिक्षावाल्या भावाकडे दुर्लक्ष कर. मी बारा वर्षं फिजिक्स शिकवतोय, अशा याद्या मीही भिंतीवर चिकटवल्यात, त्यामुळे साधूपणाचा आव आणत नाही. बॅच पाडतो त्यात शिकवणाऱ्याची सोय असते, एका वेगाने पुढे जाता येतं. पण ए वन म्हणजे हुशार आणि बी टू म्हणजे ढ असं आम्ही न सांगता पोरं आणि त्यांच्याआधी पालक ठरवून टाकतात.

तुमची टेस्ट निगेटिव्हवाली, आणि तू तर सीईटीची गोष्ट करतेस. एमएचटी सीईटीला निगेटिव्ह नसतं. फिजिक्स केमिस्ट्रीचे ५० ५० प्रश्न एकेका मार्काचे, मॅथ्सचे ५० दोन दोन मार्कांचे, एकूण २०० मार्क, आणि अकरावीचा भाग साधारण २० टक्केच. जी मुलगी अंदाजाने गोळे भरते ती रविवारी मार खाते, सीईटीत तिचं काहीच जात नाही. तुमच्या लिस्टमध्ये बरोबर, चूक असे कॉलम असतील तर दोघींचा फक्त बरोबरचा कॉलम शेजारी शेजारी ठेवून बघ.

आणि बोर्डाचं प्रॅक्टिकल ३० मार्कांचं असतं, त्याच्या टेन्शनमध्ये हे बोलणं पुढे ढकलू नकोस. बोलायला पाच मिनिटं लागतात.

बाप_होटगी_रोड:
पोरी, तुझ्या आईची बाजू पण समजून घे. फी भरताना आमची काय अवस्था होते ते आम्हालाच माहीत, मग सोमवारी ग्रुपवर लिस्ट आली की आधी आपल्या पोराचा नंबर आणि लगेच शेजारच्याच्या पोराचा शोधतो. वाईट आहे, पण करतो. मी तर एकदा चुकून त्या ग्रुपवरच लिहिलं होतं की अमक्याचा मुलगा कसा काय वर गेला, तो अमका पण त्याच ग्रुपवर. अजून समोर आला की मी गाडी दुसऱ्या गल्लीत घालतो.

दुसरा_बेंच_खिडकीजवळ:
मी इंजिनिअरिंग सेकंड इयर, सोलापूरचीच. सर बॅचबद्दल बोलले ते ठीके, पण तू पूर्ण पोस्ट बॅच, गड्डा, डबा यावर लिहिलीस आणि वही शेवटी 'हां' म्हणून घुसवलीस. मला तर ती वहीच दिसतीये फक्त. बॅच तू नाही बदललीस, वही तू दिलीस. त्यात तिचं अक्षर होतं ना? तिला विचारलं होतंस? आणि 'का चुकलं' मध्ये ती नक्की काय लिहायची?

शेंगाचटणी_०८:
ताई, तुमचं वाचून वहीची झेरॉक्स परत उघडली. मी लिहायचे 'साइन चुकली', 'फॉर्म्युला उलटा'. ती लिहायची 'रात्री अम्माबरोबर पानं कापत बसले, पेपरमध्ये डोळे मिटत होते'. एका ठिकाणी 'पप्पांचा पगार नाही, लक्ष नव्हतं'. मी हे सगळं आधी वाचलेलं होतं हो, पण देताना डोक्यातच आलं नाही, मला फक्त गणितं दिसत होती. ए वनमधल्या एकीने डब्याच्या वेळी ते मोठ्याने वाचलं होतं, दोघी हसल्या, मी नाही हसले पण गप्प बसले. तिच्यापर्यंत पोचलं असणार, जिना एकच आहे.

सर, कॉलम बघितले. मागच्या टेस्टला माझे ४१ बरोबर ६ चूक म्हणजे १५८. तिचे ४३ बरोबर २९ चूक, १४३. बरोबर माझ्यापेक्षा दोन जास्तच आहेत. आईला दाखवलं, आई म्हणाली मग काय, २९ चुकले ना.

दुसरा_बेंच_खिडकीजवळ:
व्हॉट्सॲपवर सॉरी टाकू नकोस. वही घेऊन घरी जा.

रिपीटर_पण_सुखी:
मी आधीचं मागे घेतो बे. जा लवकर.

शेंगाचटणी_०८:
काल संध्याकाळी क्लास सुटल्यावर गेले. अम्माने दारातच 'तिन्नावा' विचारलं, मला रडूच आलं, त्यांना वाटलं मार्क कमी पडले. अक्का आत विडीची पानं भिजवत होती. मी वही पुढे केली, सॉरी म्हणाले, त्या हसणाऱ्या मुलींचं पण सांगितलं, मी गप्प होते ते पण. ती काहीच बोलली नाही. हात पुसले, वही घेतली, मागची पानं उलटून बघितली आणि मग विचारलं, झेरॉक्स किती काढल्यास?

मी म्हटलं चार.

म्हणाली, चारही आण.

आज तीन मिळाल्या, त्यात माझी एक. चौथी जिच्याकडे आहे ती म्हणते घरी शोधते, उद्या तिच्या घरीच जाणारे.