मेंटेनन्समधून इलेक्ट्रिकल डिझाइनला जायचंय, सुरुवात कुठून करू?

चाकण_सी_शिफ्ट

नमस्कार मंडळी. डिप्लोमा इलेक्ट्रिकल, वय २९, चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे, सहा-सात वर्षं झाली. प्रेस शॉप आणि पेंट शॉप दोन्ही बघतो. ब्रेकडाउन, पीएम (ठरलेल्या वेळची देखभाल), ड्राइव्हचे (मोटरचा वेग बदलणाऱ्या युनिटचे) पॅरामीटर, पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) ऑनलाइन जाऊन कुठला इनपुट येत नाहीये ते शोधणं, एचटी (हाय टेन्शन) यार्डाचं शटडाउन, सगळं केलंय. शिफ्ट आता नको झाल्यात, मुलगी लहान आहे, पण खरं सांगायचं तर नुसतं शिफ्टचं कारण नाहीये. नवीन लाइन आली की वेंडरचं पॅनल उघडून मी बघत बसतो की ह्याने इथे हाच एमसीसीबी (मोठा ब्रेकर) का घेतला, केबल एवढीच का ओढली, आणि मला ते ठरवणाऱ्याच्या जागी बसायचंय.

ऑटोकॅड जेमतेम येतं, ईप्लॅन (इलेक्ट्रिकल ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) कधी उघडलेलं नाही. पिंपरीत एक क्लासवाला नोकरीची हमी देतोय, फी चांगलीच आहे. तो करू का? डिप्लोमावर डिझाइनला घेतात का की आधीचा सगळा अनुभव शून्य धरतात? पगार किती खाली येईल ह्याची पण धास्ती आहे, मोशीच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे.

भोसरीचा_पॅनलवाला

मित्रा, भोसरी एमआयडीसीत माझं छोटं पॅनलचं शॉप आहे, एमसीसी (मोटरांचे स्टार्टर एकत्र असलेलं पॅनल), एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं पॅनल), मशीनचे कंट्रोल पॅनल करतो, म्हणून माणूस घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो. हमीवाल्या क्लासला लगेच पैसे भरू नकोस. सॉफ्टवेअर येणारी मुलं माझ्याकडे भरपूर येतात, सिम्बॉल उचलून ठेवतात, ड्रॉइंग दिसायला सुंदर असतं, आणि मी विचारलं की हा ओव्हरलोड रिले (मोटर जास्त करंट घेऊ लागली की बंद करणारा) ह्याच रेंजचा का, तर गप्प बसतात.

इंटरव्ह्यूला मी कागद देतो आणि स्टार-डेल्टा स्टार्टरची (मोटर आधी स्टारमध्ये, मग डेल्टामध्ये जोडणाऱ्या) पॉवर आणि कंट्रोल सर्किट काढायला सांगतो. मग विचारतो, ५५ किलोवॅटची मोटर, ४१५ व्होल्टला फुल लोड साधारण ९७ अँपिअर, रिले डेल्टाच्या आत मेन काँटॅक्टरखाली (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचखाली) बसवलाय तर सेट कितीला करशील? तू हे हाताने केलेलं असणार, ५६ च्या आसपास, कारण तिथून फेजचा करंट जातो, लाइनचा ५८ टक्के. फक्त ‘का’ सांगता यायला हवं. तसंच कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचं. तीन-चार मोठे काँटॅक्टर एकदम ओढले की छोट्या ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज पडतं आणि काँटॅक्टर थरथरतात, हे तू रात्री दोन वाजता बघितलेलं असणार. डिझाइनवाल्याने ते आधीच बघायचं असतं, कॅटलॉगमध्ये काँटॅक्टरचा होल्डिंग व्हीए (धरून ठेवायला लागणारा) वेगळा आणि पिकअप व्हीए (ओढायला लागणारा) कितीतरी जास्त दिलेला असतो, दोन्ही धरून ट्रान्सफॉर्मर निवडायचा.

आणि उष्णता! ३० किलोवॅटचा ड्राइव्ह साधारण ३ टक्के उष्णतेत घालवतो, म्हणजे ९०० वॅटचा हीटर बंद डब्यात ठेवल्यासारखं. आयईसी ६१४३९ ह्या पॅनलच्या स्टँडर्डमध्ये पॅनलबाहेरचं तापमान कमाल ४० आणि चोवीस तासांची सरासरी ३५ अंश धरलेली असते, तुमच्या पेंट शॉपच्या ओव्हनजवळ मे महिन्यात काय असतं ते तुलाच माहीत. ज्याने तो ड्राइव्ह दर उन्हाळ्यात ट्रिप होताना बघितलाय त्याला फॅन आणि फिल्टरचं महत्त्व शिकवावं लागत नाही. अनुभव शून्य धरणाऱ्याकडे जाऊच नकोस.

रोहिणी_एमईपी

मी बाणेरला एमईपी (बिल्डिंगचं मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग) कन्सल्टन्सीत आहे, म्हणून वेगळी बाजू. दादा, आधी कुठल्या डिझाइनला जायचंय ते ठरवा कारण नाव एक असलं तरी कामं फार वेगळी आहेत. आमच्याकडे बिल्डिंगचं काम, म्हणजे लोड लिस्ट, डायव्हर्सिटी (सगळं एकदम चालू नसतं त्याचा हिशोब), ट्रान्सफॉर्मर आणि डीजीचं (डिझेल जनरेटरचं) साइझिंग, रायझर (मजल्यांवर वर जाणारी मुख्य लाइन), लाइटिंग, अर्थिंग, महावितरणची लोड मंजुरी, विद्युत निरीक्षकांकडे ड्रॉइंग, आणि दिवसाचा निम्मा वेळ आर्किटेक्ट आणि एसीवाल्यांशी शाफ्टमधल्या जागेवरून बोलण्यात जातो. एनबीसी २०१६ (नॅशनल बिल्डिंग कोड), आयएस ३०४३ (अर्थिंगचं स्टँडर्ड) आणि सीईएचे (केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे) २०२३ चे सुरक्षा नियम रोज उघडावे लागतात. मेंटेनन्सवाला माणूस आमच्याकडे आला तर एक गोष्ट नक्की चांगली होते, पॅनल रूममध्ये पॅनलच्या मागे माणूस शिरू शकेल एवढी जागा तो भांडून घेतो. पण पीएलसी, ड्राइव्हचं तुमचं ज्ञान इथे फारसं वापरलं जाणार नाही, ते वाया जाईल असं मला मनापासून वाटतं. लाइटिंग करून बघायचं असेल तर डायलक्स हे लाइटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, घरी बसून शिका.

आधी_स्पॅनर_आता_माउस

मी हेच केलंय, रांजणगावला मेंटेनन्स आणि आता खराडीत प्लांट डिझाइनला. पॅनलवाल्या दादांशी सहमत, पण एक मुद्दा राहिला. नोकरी सोडायच्या आधी आहे त्याच कंपनीत डिझाइनचं काम अंगावर घे. कुठल्याही जुन्या प्लांटमध्ये ड्रॉइंग आणि पॅनल जुळत नाहीत, मधे कोणीतरी रिले वाढवलाय, कोणीतरी वायर बायपास केलीये. मॅनेजरला सांग मी ॲज-बिल्ट (प्रत्यक्षात आहे तसं ड्रॉइंग) करतो, लाल पेनाने मार्क कर, वायर नंबर आणि टर्मिनल तपासून परत काढ. नवीन लाइन आली की वेंडरची ड्रॉइंग मंजुरीला येतात ती मागून घे आणि शेरे लिही. ह्याला प्रोजेक्टचा अनुभव म्हणतात आणि तो रेझ्युमेवर खरा लिहिता येतो. मात्र कंपनीची ड्रॉइंग पेन ड्राइव्हवर घालून इंटरव्ह्यूला नेऊ नकोस, माझ्यासमोर एकाने नेली आणि समोरच्याने तिथेच विषय संपवला, उद्या हा आमची पण नेईल म्हणून. दाखवायला स्वतःचं काल्पनिक काम कर.

उदाहरण घे, वरचीच ५५ किलोवॅटची मोटर, ती डीओएल (थेट लाइनवर सुरू होणारी) धर आणि पॅनलपासून १८० मीटर लांब. ॲल्युमिनियम एक्सएलपीई (इन्सुलेशनचा प्रकार) ५० स्क्वेअर एमएम केबल करंटच्या हिशोबाने बसते असं समजू, पण ९० अंशाला तिचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण ०.८२ ओहम, व्होल्टेज ड्रॉप येतो २२ व्होल्टच्या आसपास, म्हणजे ५ टक्क्यांच्या वर. ७० स्क्वेअर घेतली तर १६ व्होल्ट, ४ टक्क्यांच्या आत. मग स्टार्टिंगला सहापट करंटवर किती ते बघ, ट्रेवर शेजारी किती केबल आहेत त्याचं डीरेटिंग (क्षमता किती कमी धरायची ते) बघ, शॉर्ट सर्किटला केबल टिकते का बघ. १००० केव्हीएचा, ५ टक्के इम्पिडन्सचा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या बसबारवर २८ केएच्या (किलोअँपिअरच्या) जवळ फॉल्ट करंट येतो, तिथून सुरुवात कर. हे सगळं एक्सेलमध्ये मांडून एक एसएलडी (सिंगल लाइन डायग्रॅम) आणि केबल शेड्यूल केलंस की डिग्रीचा प्रश्न बऱ्याच ठिकाणी मागे पडतो. मोठ्या ईपीसीवाल्या (डिझाइनपासून उभारणीपर्यंत सगळं करणाऱ्या) कंपन्या डिग्री मागतात, ते खरंय.

पगाराचं सरळ सांगतो, बेसिक कदाचित तेवढाच राहील पण शिफ्ट अलाउन्स आणि ओव्हरटाइम जातो, त्यामुळे हातात कमी येतं. मी हप्ता धरून आधीच तेवढ्यात घर चालवून बघितलं, मग राजीनामा दिला.

चाकण_सी_शिफ्ट

रोहिणीताई, दोन्ही दादा, मनापासून आभार. मग कंट्रोल पॅनलचंच धरतो. कॉम्प्रेसर रूमच्या पॅनलचं ड्रॉइंग कुणाकडेच नाहीये, उद्याच मॅनेजरना विचारतो. एकच, ईप्लॅन लगेच शिकू का? आणि वायरिंग चालू असताना पॅनल बघायला मिळालं तर बरं होईल, आमच्याकडे येतं ते तयार होऊनच.

भोसरीचा_पॅनलवाला

ईप्लॅन शिकायचंच आहे कारण क्रॉस रेफरन्स, टर्मिनल डायग्रॅम, बीओएम (मालाची यादी) ते स्वतः काढतं आणि मशीन बनवणारे तेच मागतात. पण पहिलं ॲज-बिल्ट ए३ कागदावर पेन्सिलने कर, मग क्यूइलेक्ट्रोटेकमध्ये उतरव, ते फुकट आहे आणि सवय लागायला पुरतं. ड्रॉइंग करताना १५-२० टक्के टर्मिनल स्पेअर सोड आणि काँटॅक्टर काढायला स्क्रूड्रायव्हर सरळ जाईल एवढी जागा ठेव, बाकीच्यांना हे मी ओरडून सांगतो.

गुरुवारी आमचीही सुट्टी असते पण डिलिव्हरी जवळ आली की शॉप उघडं असतं, ह्या गुरुवारी आहे. एक एमसीसी अर्धा वायर झालाय. मेसेज टाकून ये, ड्रॉइंग हातात देतो, तू वायर टू वायर तपास आणि चुका मार्क कर. सेफ्टी शूज घालून ये.