टॉवेल-टोपीचा आहेर: ठेवायचा की थांबवायचा?

तापीकाठ:
पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापायचं आणि मांडवात टॉवेल-टोपीचे गठ्ठे सोडायचे, हे आता पुरे. माइकवर नाव पुकारलं, माणूस गर्दीतून वाट काढत आला, टोपी, टॉवेल, नारळ, रामराम. एकाला अर्धं मिनिट धरा, 150 जणांना सव्वा तास होतो. तोही वैशाखात, 42 अंशांना. मुहूर्त टळला की बोल मात्र बँडवाल्याला! आणि हातात काय पडतं? पॉलिस्टर मिसळलेला टॉवेल, जो पाणी टिपत नाही, नुसता अंगावर फिरतो. टोप्या सरसकट 22 इंची. 23 च्या डोक्यावर ती बसत नाही, नुसती ठेवावी लागते.

अमळनेरची_आक्का:
भाऊ, टोपीला कशाला दोष देता? बस्ता बांधतानाच चुकतं. मान ठरलेल्या नात्यांचा असतो: व्याही, मामा, जावई, फुवा, बायकांत विहीण, मामी, आत्या. ही यादी तिशीच्या आतच राहते. पुढची सव्वाशे नावं 'लोक काय म्हनतीन' म्हणून चढतात. दीडशे हलक्या टॉवेलांच्या पैशात तीस जणांना चांगला सुती पंचा आणि मापाची टोपी येते. 21, 22, 23 अशा तिन्ही मापांच्या टोप्या सांगून घ्या. मामाला भरमांडवात मान मिळाला नाही तर तो रुसवा पुढच्या पिढीपर्यंत पुरतो, हे तुम्हाला ठाऊक नाही का?

तापीकाठ:
ताई, तीसवर थांबतो कोण? 31 वा माणूस समोरच बसलेला असतो.

अमळनेरची_आक्का:
म्हणून मानाचे आहेर हळदीच्या दिवशी घरीच उरकायचे. तिथे भाऊबंदच असतात, माइक लागत नाही.

खापरावरचे_मांडे:
दोघंही एक गोष्ट विसरताय. हा माल वापरायला नसतोच, फिरवायला असतो. या लग्नातली टोपी पुढच्या लग्नात जाते, ब्लाऊज पीसचंही तसंच. गरिबाच्या घरी लग्न निघालं की पेटीतला हा साठाच कामी येतो. बंद करा म्हणणं सोपं आहे, मग त्याने बाजारातून नवं घ्यायचं का?
पेटीत खराब होतं ते खळीमुळे. खळ दिलेल्या कापडाला कसर लागते आणि टोपी घडीवर पिवळी पडते. ठेवण्याआधी धुऊन खळ काढा, पूर्ण वाळवा, देण्याआधी पुन्हा इस्त्री करा.

सुई_दोरा_धुळे:
फिरतं ते शिवता येत नाही म्हणूनच फिरतं! शिवणाऱ्या बाईला विचारा. कोपरापर्यंत बाह्यांच्या ब्लाऊजला अरुंद पन्ह्यात 80 सेंमी तरी लागतं, अंगाने भरलेल्या बाईला मीटरभर. आहेरातला पीस बऱ्याचदा 70 सुद्धा भरत नाही. पाठ आणि पुढा निघतो, बाह्या उरतात हवेत. त्यात पॉलिस्टर, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात शिक्षाच. टू बाय टू रुबिया, म्हणजे ब्लाऊजचं सुती कापड, मीटरभर द्या, कोणी पुढे ढकलणार नाही. ते जमत नसेल तर हळदी-कुंकू लावून ओटीत गहू-नारळ घाला. पीस नसला तर ओटी अडत नाही.

तापीकाठ:
सगळ्यांनाच काही द्यायचं असेल तर रोप द्या की.

खापरावरचे_मांडे:
मे महिन्यात? पिशवीतलं रोप एसटीतून शिरपूरपर्यंत नेऊन दाखवा, मातीचा गोळा फुटून मुळं उघडी पडतात. निंबोळ्याही नकोत, त्या नुसत्या ठेवल्या की लवकरच उगवेनाशा होतात. केळीचे वेफर्स म्हणाल तर आपल्या रावेर-यावलचा माल म्हणून शोभतात, पण मांडवात उन्हात पडलेलं पाकीट लवकर खवट होतं आणि नारळाखाली दबून चुरा होतो, तो वेगळाच.

सुई_दोरा_धुळे:
वेफर्स द्यायचेच तर जेवणानंतर, निघताना दाराशी द्या. आहेराच्या ताटात नकोत.

अमळनेरची_आक्का:
दाराशी काहीही द्या, पण मामाचा पंचा त्यात धरू नका.