‘दाखले’, ‘तकरारु’ आणि ‘नगरसभा’: सीमाभागातील कचेरीचे शब्द

प्रश्न (खानापूर तालुका): फेरफाराच्या कन्नड नोटिशीचे मराठी करताना ‘तकरारु’ या शब्दासाठी ‘तक्रार’ लिहावे की ‘हरकत’? तसेच निवडणुकीच्या मराठी पत्रकांत ‘नगरसभा’, ‘पुरसभा’, ‘पट्टण पंचायत’ या सगळ्यांना सरसकट ‘नगरपालिका’ म्हटले तर काही बिघडते का?

उत्तर: पहिल्या ठिकाणी ‘हरकत’ लिहावे, आणि दुसऱ्या ठिकाणी कायद्यातले नाव तसेच ठेवावे. या दोन उत्तरांमागची कारणे वेगळी आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

बेळगाव जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यापूर्वी पेशवाईच्या आणि मग मुंबई इलाख्याच्या दप्तराने येथील महसुली कारभाराला जे शब्द दिले, ते मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांनी आपापल्या तोंडवळणाप्रमाणे सांभाळले. अर्ज, ठराव, उतारा, वारसा, दाखला, हजर, गैरहजर, उमेदवार हे शब्द आजही बेळगाव, चिक्कोडी, अथणीकडच्या कन्नड कारकुनाच्या तोंडी सहज येतात. त्यामुळे मराठी माणसाला कचेरीतले बोलणे निम्मे-अधिक कळल्यासारखे वाटते, आणि अडचण नेमकी तेथेच सुरू होते. ‘कंदाय’ म्हणजे काय हे ठाऊक नसलेला माणूस शेजारच्याला विचारतो आणि ‘महसूल’ असे उत्तर मिळाल्यावर निर्धास्त होतो, पण ‘दाखले’ ऐकलेला माणूस कोणालाही काही विचारत नाही, कारण तो शब्द त्याचा स्वतःचा असतो.

एका नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कार्यालयात, मी पाहिलेला प्रसंग सांगतो. वारसा नोंदवण्यासाठी आलेल्या एका वयस्क बाईंना खिडकीवरच्या कारकुनाने कन्नडमिश्रित मराठीत ‘दाखले घेऊन या’ असे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून पतीच्या मृत्यूचा दाखला, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला आणि मुलीच्या जन्माचा दाखला घेऊन आल्या. कारकुनाला मृत्यूच्या दाखल्याबरोबर शेताचा उतारा, आधार कार्ड आणि रेशन कार्ड हवे होते. कन्नडमध्ये ‘दाखले’ हे एकवचन असून त्याचा अर्थ नोंद किंवा कागदपत्र असा आहे, तर मराठीत ‘दाखले’ हे ‘दाखला’चे अनेकवचन असून त्याचा अर्थ प्रमाणपत्रे असा होतो. दोघेही आपापल्या भाषेत अचूक बोलले होते. मात्र बाईंना आणखी एक हेलपाटा पडला, आणि खेड्यातून एसटी धरून येणाऱ्या माणसाचा हेलपाटा म्हणजे एका दिवसाची मजुरी असते. म्हणून मराठीत सांगताना किंवा लिहिताना या जागी ‘कागदपत्रे’ असाच शब्द असावा असा माझा आग्रह आहे.

‘तकरारु’चेही असेच आहे. अरबीत ‘तकरार’ म्हणजे पुनरावृत्ती. मराठीत ‘तक्रार’ म्हणजे गाऱ्हाणे, ते पाण्याच्या नळाबद्दल असो की शेजाऱ्याबद्दल. कन्नडमध्ये गाऱ्हाण्यासाठी ‘दूरु’ हा शब्द आहे आणि ‘तकरारु’चा अर्थ वाद किंवा आक्षेप असा आहे. फेरफाराच्या नोटिशीत ‘तकरारु असल्यास मुदतीत कळवावे’ या आशयाचे वाक्य असते. त्याचे मराठी ‘तक्रार असल्यास कळवावे’ असे केले, तर नोटीस वाचणाऱ्या हिस्सेदार भावाला वाटते की आपली काही तक्रार नाही, केवळ आपल्या हिश्शाचा आकडा चुकला आहे, तो सवडीने सांगता येईल. ‘हरकत असल्यास मुदतीत लेखी कळवावे’ असे लिहिले, तर मुदत टळली की नोंद कायम होईल हे त्याला कळते. अनुवादातल्या या एका शब्दावर जमिनीचा हक्क अडून राहू शकतो, म्हणून येथे सैलपणा नको.

याच जातीचे आणखी काही शब्द ध्यानात ठेवावेत. ‘इलाखे’ म्हणजे कन्नडमध्ये सरकारी खाते, तर मराठीत इलाखा म्हणजे प्रांत. ‘खाते’ म्हणजे मराठीत शासनाचा विभाग किंवा बँकेतले खाते, पण कर्नाटकातील नगर प्रशासनात ‘खाते’ किंवा ‘खाता’ म्हणजे मिळकतीची करआकारणीच्या वहीतील नोंद. त्यामुळे ‘खाते बदलणे’ याचा तेथील अर्थ मिळकतीला दुसऱ्याचे नाव लावणे असा होतो. ‘परवानिगे’ हा शब्द परवाना आणि परवानगी या दोन्हींसाठी चालतो. मराठीत मात्र व्यापारासाठी परवाना आणि घर बांधण्यासाठी परवानगी हा फरक आपण पाळतो आणि तो पाळावा. ‘रुजू’ कन्नड अर्जाच्या तळाशी सहीच्या अर्थाने येतो, तर मराठी नोकरदार बदलीच्या गावी जाऊन रुजू होतो. मतदार यादीला कन्नडमध्ये ‘मतदारर पट्टी’ म्हणतात. आपल्याकडे पट्टी म्हटली की घरपट्टी आणि पाणीपट्टी आठवते, म्हणून यादीत नाव पाहण्यासाठी बोलावले असता करभरणीची पावती शोधत बसण्याची वेळ कोणावर येऊ नये.

आता संस्थांच्या नावांकडे वळतो. कर्नाटकच्या 1964 च्या नगरपालिका कायद्यात लोकसंख्येनुसार तीन पायऱ्या आहेत: साधारण 10 ते 20 हजारांपर्यंत पट्टण पंचायत, 20 ते 50 हजारांपर्यंत पुरसभा आणि त्यापुढे 3 लाखांपर्यंत नगरसभा. महानगरपालिकेसाठी 1976 चा वेगळा कायदा आहे. म्हणून खानापूरला पट्टण पंचायत, संकेश्वरला पुरसभा, निपाणी व गोकाकला नगरसभा आणि बेळगावला महानगरपालिका अशी नावे आहेत. बोलताना निपाणीकर ‘नगरपालिका’च म्हणतात आणि त्यात काही वावगे नाही, तो शब्द पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आहे. परंतु अर्जाच्या मायन्यात संस्थेचे नाव चुकले की अधिकाऱ्याचे पदनामही चुकते. नगरसभेचा प्रशासकीय प्रमुख ‘पौरायुक्त’ असतो, तर पुरसभेचा आणि पट्टण पंचायतीचा प्रमुख ‘मुख्याधिकारी’ असतो. मराठी वाचकाला ‘सभा’ म्हणजे बैठक वाटते आणि ‘नगरसभेची सर्वसाधारण सभा’ हे वाचताना अडखळायला होते, हे मान्य आहे. तरीही पत्रकात पहिल्या उल्लेखाला ‘निपाणी नगरसभा, म्हणजे आपली नगरपालिका’ असे एकदा लिहून पुढे ‘नगरसभा’ वापरावी.

महाराष्ट्रातील पदनामे जशीच्या तशी उचलू नयेत, कारण नावाबरोबर अधिकार आणि निवडीची पद्धतही बदलते. महाराष्ट्रात सरपंच थेट मतदानाने निवडला जातो. कर्नाटकात ग्रामपंचायतीचा प्रमुख ‘अध्यक्ष’ असून त्याला निवडून आलेले सदस्य आपल्यातून निवडतात, आणि तेथील ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. त्या निवडणुकीच्या मराठी पत्रकात ‘सरपंचपदाचे उमेदवार’ असे छापणे म्हणजे मतदाराला नसलेल्या मतपत्रिकेची वाट पाहायला लावणे होय. ‘महापौर’ हा शब्द दोन्हीकडे आहे, पण बेळगावचा महापौर एका वर्षासाठी असतो आणि महाराष्ट्रातला अडीच वर्षांसाठी. ‘पौरकार्मिक’ हा कर्नाटकातील शब्द मात्र मराठीने आनंदाने घ्यावा असे मला वाटते. ‘सफाई कामगार’ या शब्दात केवळ काम दिसते, तर ‘पौर’ म्हटल्यावर तो माणूस नगराचा आहे हेही त्यात येते.

पुरवणी प्रश्न (निपाणी): बिनविरोध निवडीसाठी ‘अविरोध निवड’ असे मराठी बातम्यांतही वाचायला मिळते. ते चालेल का? आणि ‘ठेवणी जप्त’ म्हणावे का?

उत्तर: ‘अविरोध आयके’ या कन्नड प्रयोगावरून ते आले आहे. अर्थ कळतो, पण मराठीत ‘अविरोध’ म्हणजे परस्परविरोध नसणे. निवडणुकीत उमेदवार ‘बिनविरोध निवडून येतो’ हाच आपला घट्ट बसलेला प्रयोग आहे आणि तो सोडण्याचे कारण दिसत नाही. ‘ठेवणी’चे मूळ मराठी ‘ठेवणे’ या क्रियापदात असले, तरी आज आपण ‘अनामत जप्त झाली’ असेच म्हणतो, कारण ‘ठेव’ म्हटली की पतसंस्थेतली पावती डोळ्यांपुढे येते. ‘नामपत्र’ऐवजी ‘उमेदवारी अर्ज’ आणि ‘मतगट्टे’ऐवजी ‘मतदान केंद्र’ लिहावे. ‘समिती’ हा शब्द एकटा वापरू नये. बेळगावात विशेषण न लावता ‘समिती’ म्हटले की ती महाराष्ट्र एकीकरण समितीच असते, त्यामुळे पालिकेच्या कामकाजाविषयी लिहिताना ‘स्थायी समिती’ असे पूर्ण नाव द्यावे.

आणखी एक प्रश्न (बेळगाव): मग अर्ज मराठीत लिहावा की नाही?

उत्तर: अवश्य लिहावा. राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 प्रमाणे गाऱ्हाणे मांडण्यासाठीचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. शिवाय भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या योजनेत, ज्या भागात एखाद्या भाषेचे लोक 15 टक्के किंवा अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करण्याची तरतूद आहे. हा हक्क सांगताना आपली मराठी नेमकी असली पाहिजे. अर्जाच्या विषयात मिळकतीचा किंवा सर्व्हेचा क्रमांक, संस्थेचे कायद्यातले नाव आणि मागणीचा एकच शब्द असावा: नाव लावणे, उतारा मिळणे, हरकत नोंदवणे. मागणी उताऱ्याची असेल तर ‘सातबारा’ लिहू नये. कर्नाटकात शेतजमिनीच्या त्या कागदाला ‘पहणी’ किंवा ‘आरटीसी’ म्हणतात. पीकपाहणीतल्या ‘पाहणी’शी ‘पहणी’चे नाते उघड आहे, आणि बेळगावकडच्या कन्नडमध्ये त्यालाच ‘उतार’ म्हणतात. त्यामुळे ‘शेताचा उतारा (पहणी)’ एवढे लिहिले की खिडकीच्या दोन्ही बाजूंना तो एकच कागद समजतो. त्यातील 11 व्या रकान्यात बोजा चढवलेला असतो, तो वाचून घेतल्याशिवाय उतारा पिशवीत टाकू नये.