मदत हवी आहे: पोर्टलने बातमी गुपचूप बदलली, तक्रार कुठे करायची?
मंडळी, आमच्या रावेरकडच्या एका न्यूज पोर्टलने टिश्यूकल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या) केळी रोपांची चक्क जाहिरात बातमी म्हणून चालवली, कुठेच 'जाहिरात' लिहिलेलं नाही, गावातल्यांनी वाचून रोपं बुक केली आणि बोंब झाल्यावर मजकूर गुपचूप बदलला, दुरुस्तीची एक ओळ पण नाही! जुना स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे पोर्टलला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, १५ दिवसांत त्याने निर्णय द्यायचा असतो, पण यांच्या साइटवर नुसता जाहिरातीसाठीचा व्हॉट्सॲप नंबर (तो मात्र चांगला ठळक). छापील पेपर असता तर आधी संपादकाला पत्र, मग बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत प्रेस कौन्सिलकडे (वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था) तक्रार, एवढं माहितीये. जळगाव-धुळ्यात कोणी पोर्टलविरुद्ध तक्रार केलीय का? अर्ज कोणाच्या नावाने टाकला, स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालतो का, सांगा ना भो.