'सपोर्टेड' आणि 'मेन्टेन्ड' यांत मराठीत फरक कसा करायचा?

टिपकागद
पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी लिनक्सच्या पिनकंट्रोलवर (चिपची कुठली पिन काय काम करणार हे सांभाळणारा भाग) मराठी टिपण लिहितोय. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मेन्टेनर्स फाइलीत कुठला ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) कोणाच्या अंगावर आहे ते असतं, आणि सोबत एक शेरा. 'सपोर्टेड' म्हणजे बघणाऱ्याला त्याचे पैसे मिळतात. 'मेन्टेन्ड' म्हणजे कोणीतरी बघतंय, पैशाचं विचारू नका. 'ऑड फिक्सेस' म्हणजे माणूस आहे, त्याला सवड नाही. 'ऑर्फन' म्हणजे कोणीच नाही. पहिल्या दोन्हींना 'देखभाल चालू' म्हटलं तर पैशाचा भेद गळतो. सुचवा.

अनुस्वार
सवेतन परिरक्षित, परिरक्षित, नैमित्तिक दुरुस्ती, अनाथ. झालं.

जुना तारतंत्री
'परिरक्षक' हा शब्द मी फक्त लोणच्याच्या बरणीवर वाचलाय. आणि ड्रायव्हर अनाथ कसा होईल? बेवारस म्हणा.

अनुस्वार
बेवारसमध्ये मराठी काय उरलं? 'बे' फारसी, 'वारस' अरबी.

जुना तारतंत्री
तलाठ्याकडे वारसनोंदीला जाल तेव्हा सांगा त्याला.

माजघर
आमच्याकडे कोकणात देवस्थानाला वहिवाटदार असतो. मेन्टेनरला तोच शब्द चपखल. मालक नाही, पण त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय पान हलत नाही. पिनकंट्रोल कर्नलात आलं ३.२ मध्ये, जानेवारी २०१२. तेव्हापासून वहिवाट लिनस वालेय यांच्याकडे (लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स नव्हेत, हे दुसरे लिनस). शिवाय बऱ्याच चिपच्या ड्रायव्हरला आपापला माणूस वेगळा.

रेवा_नि
वहिवाटीने हक्क तयार होतो, माजघर. वहिवाटीच्या रस्त्यावरून कोर्टात पिढ्या जातात. मेन्टेनरला कोडवर असा कुठला हक्क?

माजघर
हक्क नाही, पण पॅच (कोणी पाठवलेला कोडमधला बदल) अडवता येतो की! अनुभव घ्या.

टिपकागद
पगारी आणि बिनपगारी वहिवाटदार? वाईट नाही. पण ऑड फिक्सेस?

जुना तारतंत्री
डागडुजी. यात वाद नको. डाग देणे म्हणजे तांबटाचं झाळकाम, आपल्या भाषेत सोल्डरिंग. हार्डवेअरच्या पिनांना याहून जवळचा शब्द नाही.

रेवा_नि
मला वाटतं तो 'डाग' फाटक्या कापडाचा असावा आणि 'दुजी' म्हणजे जरदोजीतली 'दोजी', शिवण. तुमचं सोल्डर मागाहून चिकटवलेलं.

जुना तारतंत्री
आमच्या दुकानात येऊन बघा कोण काय चिकटवतं.

अनुस्वार
मूळ मुद्दा: 'पिन'लाच मराठी नको का? अग्र?

माजघर
दुरुस्तीवाले 'पाय' म्हणतात. आयसीचा अमुक नंबरचा पाय तुटला.

टिपकागद
पण एका पायाला अनेक कामं, तेच तर पिनकंट्रोलचं काम. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या जुन्या चिपवर जीपीआयओ १४ ही पिन साधा दिवा लावायला वापरा, नाहीतर ऑल्ट ० (तिचं एक पर्यायी काम) करून सीरियलची टीएक्स (डेटा पाठवणारी पिन) करा. एकाच पिनवर दोन ड्रायव्हर हक्क सांगू लागले तर पिनकंट्रोल दुसऱ्याला नकार देतं. 'रास्पबेरी पायचा पाय' लिहिलं तर वर्ग हसेल.

अनुस्वार
म्हणून अग्र.

नवखा_८
मध्येच विचारतो. रास्पबेरी पायवर जीपीआयओ १७ ला एलईडी लावलाय. जुनी स्क्रिप्ट सिसएफएसमध्ये (कर्नल हार्डवेअर फाइलींच्या रूपात दाखवतं तिथे) १७ लिहायची. कर्नल ६.६ झाल्यापासून एररच येतेय.

माजघर
नव्या कर्नलमध्ये तिथली मोजणी ५१२ पासून सुरू होते. १७ चा ५२९ झाला.

रेवा_नि
५२९ लिहून पळवाट काढू नका, पुढे पुन्हा बदलेल. सिसएफएसचा तो रस्ता कधीचाच मोडीत काढलाय. लिबजीपीआयओडी ही लायब्ररी घ्या, त्यात चिपचं नाव आणि तिच्यावरचा १७ एवढंच द्यायचं.

नवखा_८
आणि तो १७ म्हणजे बोर्डावरचा सतरावा पाय ना?

जुना तारतंत्री
नाही रे! बोर्डावर तो अकरावा. सतराव्यावर ३.३ व्होल्ट आहे. एलईडी कुठे लावलायस नक्की?