पोशन परवडतं का? बाटलीची किंमत बाजूला ठेवा, तासाचा हिशोब मांडा

कृष्णाकाठचा (धागा सुरू करणारा)
सांगली-मिरजेच्या मंडळींसाठी धागा, सातारकरांनाही बंदी नाही. विषय जुनाच: ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन गेममध्ये मारायची ताकद काही वेळ वाढवणारं साधं स्ट्रेंथ पोशन घ्यावं, सुपर घ्यावं, की दोन्ही नकोत?

उदाहरण घेऊ. स्ट्रेंथ ८०, गिअरचा (शस्त्र-चिलखताचा) स्ट्रेंथ बोनस ८६, अ‍ॅग्रेसिव्ह स्टाइल, मार वाढवणारी प्रेयर बंद. लेव्हल, बूस्ट (पोशननं चढलेले पॉइंट) आणि ११ यांची बेरीज करा. तिला (बोनस + ६४) नं गुणा, ६४० नं भागा, ०.५ मिळवा आणि अपूर्णांक सोडून द्या. पोशनशिवाय मॅक्स हिट (एका फटक्यातला जास्तीत जास्त मार) २१ येतो. साधं पोशन ३ + लेव्हलच्या १०% देतं, म्हणजे बूस्ट ११ आणि हिट २४. सुपर ५ + १५% देतं, म्हणजे बूस्ट १७ आणि हिट २५.

"एका आकड्यासाठी सुपर कशाला" असं इथंच बरेच जण म्हणतात, पण बूस्ट मिनिटाला एक पॉइंट उतरतो हे विसरतात. सुपरवर साधारण ४ मिनिटं २५, पुढची ४ मिनिटं २४, मग ५ मिनिटं २३. साध्यावर २४ जेमतेम २ मिनिटं, मग ५ मिनिटं २३, की लगेच २२.

सुपर दर १३ मिनिटांनी घेतलं तर सरासरी मॅक्स हिट २३.९, म्हणजे जवळपास १४% वाढ, आणि तासाला ४.६ डोस (घोट). साधं दर ७ मिनिटांनी घेतलं तर ११% वाढ आणि तासाला ८.६ डोस. म्हणजे सुपरचा डोस साध्याच्या १.८५ पट महाग असला तरी सुपरच घ्यावं.

मिरजेचा_मावळा
गणित झकास, पण १४% जादा मार म्हणजे १४% जादा कमाई नव्हे! तासातला किती वेळ खरंच मारण्यात जातो? बँक, चालणं, लूट उचलणं यात पोशन काय करणार? आणि राक्षस परत उगवायची वाट बघत बसावं लागत असेल तर फायदा शून्य. छोट्या राक्षसांवर शेवटच्या फटक्यातला बराच मार वायाच जातो.

कृष्णाकाठचा
मान्य, म्हणून लढाईचा वाटा ६०% धरू. समजा पोशनशिवाय तासाला गेममधली ६ लाख नाणी सुटतात. ३६ मिनिटांची लढाई ३१.६ वर येते, किल (मारलेले राक्षस) साधारण ८% वाढतात, म्हणजे ४७ हजार जादा. त्याला ४.६ डोस लागले. डोस १० हजारांच्या आत असेल तर परवडतो.

आता खरी मेख बघा. तेच सुपर दर ८ मिनिटांनी घेतलं तर डोस होतात ७.५, आणि जादा कमाई ५६ हजार. वरच्या तीन डोसांनी मिळाले फक्त नऊ हजार. म्हणजे पहिले डोस १० हजारांपर्यंत परवडतात, पुढचे ३ हजारांच्या वर गेले की तोटा. "पोशन परवडतं का" हा प्रश्नच अर्धवट आहे, कितवा डोस ते आधी सांगा.

तासगावकर
बरोबर. बागायतदार औषधाचा डबा कितीला पडला एवढ्यावर थांबत नाही, एकरी खर्च आणि एकरी माल बघतो.
एक भर: बँकेसमोर घोट मारून निघू नका. २५ हिटची चार मिनिटं चालण्यातच जातात. दारात पोचल्यावर प्या.

हळदवाला_४१६
एवढा खटाटोप कशाला राव? हर्बलोर (पोशन बनवायचं कौशल्य) वाढवा, पोशन स्वतः बनवा. फुकटात पडतं.

कृष्णाकाठचा
फुकट कसं, भावा? तीच बाटली ग्रँड एक्स्चेंजवर (गेममधल्या बाजारात) विकली असती तर पैसे आले असते. बाजारभावातून कर वजा करा, ती तुमची किंमत. कर मे २०२५ पासून २% आहे, आधी १% होता. विकत घेणाऱ्यांनी ३ डोसांच्या बाटलीचा भाव आधी बघावा. बनवताना एरवी ३ डोसांचीच निघते, म्हणून डोसामागे ती बहुधा स्वस्त पडते. एक्स्चेंजवरचा बॉब बार्टर ती ४ डोसांत फुकट भरून देतो.

हळदवाला_४१६
आणि आयर्नमॅनचं (सगळं स्वतःच मिळवून खेळणाऱ्याचं) काय? त्याला एक्स्चेंजच बंद. तिथं तुमचा बाजारभाव काय कामाचा?

मिरजेचा_मावळा
तिथं किंमत साहित्याची. साध्याला टॅरोमिन, सुपरला क्वार्म ही वनस्पती, पण लिम्पवर्ट मूळ दोन्हीला एकेकच लागतं. अडतं ते मुळावर. हर्बलोर ५५ असेल, म्हणजे सुपर बनवता येत असेल, तर मूळ साध्यात घालवणं म्हणजे नासाडीच.
खणांचं मात्र कुणीच बोललं नाही. इन्व्हेंटरीत खण २८. जिथं लूट भरली म्हणून परतावं लागतं तिथं प्रत्येक बाटली फेरी लहान करते.

कृष्णाकाठचा
१३ मिनिटांच्या हिशोबानं ४ डोसांची एक बाटली ५२ मिनिटं पुरते. म्हणजे एकच खण, आणि संपली की टाकून द्यायची. ८ मिनिटांवाल्यांना दोन लागतात.

अजिंक्यतारा_सातारा
तुम्ही सांगलीकर खेळताय का पेढी चालवताय? नाण्यांचा हिशोब सगळीकडं लागू होत नाही. बीजीएमआय या मोबाइलवरच्या शूटिंग गेममध्ये एनर्जी ड्रिंक ४ सेकंदांत १०० च्या एनर्जी बारात ४० भरतं, पेनकिलर ६ सेकंदांत ६०. सेकंदाला दोन्ही सारखेच. मग दोन पेनकिलर लागोपाठ घेणारा २० वाया घालवतो, एकेक घेणाऱ्याचा बार बरोबर १०० होतो. इथं किंमत सेकंदांची, आणि ते कुठल्या आडोशाला घालवले त्याची. विचर ३ या गेममध्ये तर एकदा बनवलेलं पोशन ध्यानाला बसलं की कडक दारूच्या एका बाटलीवर सगळं परत भरतं. तिथं जपून ठेवणाराच तोट्यात, कारण खरी मर्यादा टॉक्सिसिटीची (पोशननं अंगात चढणाऱ्या विषाची).

कृष्णाकाठचा
दादा, हाही हिशोबच झाला की. नाण्यांच्या जागी सेकंद आले एवढंच.

अजिंक्यतारा_सातारा
फरक आहे. तुमच्या गणितात तासाचे ६ लाख ठरलेले असतात. बॉस नवा असेल, निम्म्या वेळा मरायला होत असेल, तर सरासरी काय धरणार? तिथं प्रत्येक डोस वापरावा, परवडो न परवडो.

मिरजेचा_मावळा
याला माझं अनुमोदन. शिकताना आकडेमोड नको. किल नियमित पडायला लागले की एक तास पोशनसह, एक तास पोशनशिवाय खेळा, दोन्हीतले किल मोजा, मगच १३ का ८ ते ठरवा.